पाल्याची परीक्षा

आजच्या भाषणाचे नाव ऐकून, एक निवृत्त शिक्षक आता मुलांच्या परीक्षांविषयी चार शब्द सांगणार, अशी आपल्यापैकी कित्येकांची समजूत झाली असेल. परंतु मी ज्या पाल्याविषयी बोलणार आहे तो निर्गुडीचा पाला होय. आमच्या पारगावच्या बाजूस घोड नदीच्या काठी आणि ओढ्याच्या कडेला निर्गुडी कोणी लावल्यावाचून वाढते. जुन्नर तालुक्यात तर निरगुडे ह्या नावाचे एक गावच आहे. गुडघा धरला, पाय मुरगळला, कंबर आखडली, की पाला खुडून आणावा, तव्यावर गरम करावा आणि दुखऱ्या जागी बांधावा, हा उपचार आमच्या घरोघरी पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. हळदीचा लेप, सुंठेचा काढा, सालईचा डिंक ही त्याच पंक्तीतील औषधे.

ह्या औषधांविषयी आपल्या समाजात दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो की, आजीने सांगितले ते सर्व खरे. त्यास परीक्षा कशाची लावता? दुसरा पक्ष म्हणतो की, हे सगळे अडाणीपणाचे. त्याची परीक्षा तरी कशाला करता? दोन्ही पक्षांची भाषा परस्परविरुद्ध असली तरी एका गोष्टीत त्यांचे पूर्ण ऐक्य आहे. उत्तरपत्रिका न वाचताच गुण द्यावयाचे, हा तो समान धर्म. सारा जन्म उत्तरपत्रिका तपासण्यात गेलेल्या मनुष्यास हे मानवत नाही. आणि ह्या बाबतीत एकदा मी स्वतःच तसे करून बसलो, म्हणून हा विषय आपणांपुढे मांडीत आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या वहिनींचे गुडघे फार सुजत. उंबरा ओलांडताना त्यांस दाराची चौकट धरावी लागे. त्या सुमारास आठवड्याच्या बाजारात एक विक्रेता शुद्ध वनस्पतींचे म्हणून एक चूर्ण विकीत असे. वहिनींनी पुडी आणली, माझ्यापुढे धरली आणि म्हणाल्या, “भावजी, वाचून सांगा. घेऊ का हे?” पुडीवर निर्गुडी, सुंठ, गुग्गुळ, रास्ना अशी नावे छापलेली होती. सगळी ओळखीची, सगळी चांगली. मी म्हणालो, “घ्या. ह्यात वाईट असे काही दिसत नाही.” चौथ्या दिवशी वहिनी चालत शेतावर गेल्या. मास्तरांनी वाचून पसंत केलेले औषध म्हणून आळीतील आणखी अकरा घरी ते चूर्ण गेले, आणि मलाही त्याचा थोडा अभिमानच वाटला, हे कबूल केले पाहिजे.

सात-आठ महिन्यांनी वहिनींचा चेहरा वाटोळा व सुजल्यासारखा दिसू लागला. जरासा धक्का लागला तरी हातावर काळेनिळे डाग उठत. रक्तातील साखर वाढली. घाबरून त्यांनी चूर्ण एकाएकी बंद केले, आणि पाचव्या-सहाव्या दिवशी त्या अंगणात कोसळल्या. रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की कोणते चूर्ण वगैरे घेत होतात काय? उरलेली पुडी तपासणीस गेली. तीत स्टेरॉइड जातीचे एक कृत्रिम औषध मिसळलेले निघाले. हे औषध सूज झपाट्याने उतरविते. पण ते बाहेरून नित्य मिळत राहिले की, मूत्रपिंडांवर बसलेल्या ज्या लहानशा ग्रंथी शरीरास लागणारे असेच द्रव्य स्वतः तयार करीत असतात, त्या आपले काम सोडून देतात. मग चूर्ण एकदम थांबले, की बाहेरचेही नाही आणि आतलेही नाही अशी अवस्था होऊन मनुष्याच्या जिवावर बेतते. वहिनी बचावल्या. डॉक्टरांनी ते औषध योग्य मात्रेत देऊन अनेक महिने हळूहळू कमी करीत आणले. मी त्या अकरा घरी जाऊन, माझी चूक झाली, चूर्ण घेऊ नका, परंतु मनाने एकदम बंदही करू नका, आधी डॉक्टरांस दाखवा, असे सांगून आलो. मी केवळ छापलेली नावे वाचली होती. पुडीत काय आहे हे पाहण्याचे साधन मजजवळ नव्हते, आणि ते नाही हे मी वहिनींस सांगितले नव्हते.

ते साधन कोणते, ह्याचा शोध मी पुढे घेतला. जे समजले ते सांगतो.

प्रथम सूज म्हणजे काय हे पाहू. पहिल्या शतकातील केल्सस ह्या रोमन ग्रंथकाराने तिची चार लक्षणे नोंदविली आहेत. लाली, फुगवटा, उष्णता आणि वेदना. आपल्या वैद्यकात शोथ ह्या नावाने तिचे विस्तृत विवेचन आहे. सूज हा मुळात शत्रू नव्हे. काटा रुतला असता त्या जागेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांतून पाणी व पांढऱ्या पेशी बाहेर झिरपतात, आणि दुरुस्तीचे काम सुरू होते. काम संपल्यावर ही मंडळी परत जावयास हवी. सांध्यांच्या काही रोगांत ती परत जात नाहीत. तेथेच ठाण मांडून बसतात. मग सूज आवरण्यास औषध लागते.

वनस्पतीतून असे औषध निघू शकते काय? ह्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आपल्या वाळुंजाच्या कुळातले आहे. इंग्लंडमध्ये एडवर्ड स्टोन नावाच्या एका धर्मोपदेशकाने त्या जातीच्या एका झाडाची वाळलेली साल कुटून सुमारे पन्नास हिवतापी रोग्यांस दिली आणि १७६३ साली आपला अनुभव तेथील रॉयल सोसायटीस पत्राने कळविला. पुढे त्या सालीतील द्रव्याचा छडा लागला, आणि त्याच्याच नात्यातील ॲस्पिरिन १८९७ साली जर्मनीत बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत फेलिक्स हॉफमन ह्याने शुद्ध स्वरूपात तयार केले. तथापि ते सूज कशी उतरविते हे १९७१ पर्यंत कोणास सांगता येत नव्हते. त्या वर्षी जॉन वेन ह्यांनी दाखविले की, प्रोस्टाग्लॅंडिन नामक जी द्रव्ये शरीरात सूज व वेदना वाढवितात, त्यांची निर्मिती हे औषध रोखते. ह्या कार्याबद्दल त्यांस १९८२ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. स्टोनच्या पत्रापासून मोजले तर हा निकाल लागावयास २०८ वर्षे गेली. आजीचे म्हणणे तपासावयास चार दिवस पुरत नाहीत ते ह्यामुळे.

आता निर्गुडीचा पाला घेऊन आपण प्रयोगशाळेच्या दाराशी उभे राहू. तेथे पहिला प्रश्न विचारतात, हा पाला कशाचा? आपण म्हणतो, निर्गुडीचा. तेवढ्याने भागत नाही. फुलाफळांसह वाळविलेली फांदी कागदावर चिकटवून वनस्पतिशास्त्रज्ञापुढे ठेवावी लागते. तो तिची ओळख पटवितो आणि तो कागद क्रमांक घालून कायमचा जपून ठेवतात. हा नुसता कागदी सोपस्कार वाटेल, पण तसा नाही. वहिनींच्या पुडीवरील रास्नाच घ्या. उत्तर हिंदुस्थानात रास्ना म्हणून एका झुडपाची पाने वापरतात, बंगालात झाडावर वाढणाऱ्या एका आमरीची मुळे वापरतात, आणि दक्षिणेत कोलिंजनाच्या जातीचे कंद वापरतात. नाव एक आणि वस्तू तीन! मग एकाच्या परीक्षेचा निकाल दुसऱ्यास कसा लावावा? हजेरीपटावर एकाच नावाचे तीन विद्यार्थी असले, तर आम्ही शिक्षक बापाचे नाव विचारीत असू. वनस्पतीचे लॅटिन नाव विचारतात ते त्याचसाठी.

ओळख पटल्यावर पाला सावलीत वाळवून त्याची भरड करतात आणि अर्क काढतात. ह्यासाठी सॉक्सलेट नावाचे काचेचे यंत्र आहे. जर्मनीच्या सॉक्सलेटने ते १८७९ साली दुधातील स्निग्धांश मोजण्याच्या कामी योजिले होते. खाली द्रव उकळतो, त्याची वाफ वर जाऊन थंड होते, थेंबाथेंबाने भरडीवर पडते, आणि भरडीतील सत्त्व घेऊन पुन्हा खाली उतरते. असे तासन् तास चालते. द्रव बदलला की सत्त्व बदलते. पाण्यात एक उतरते, मद्यार्कात दुसरे, स्निग्धद्रावकात तिसरे. हळदीतील करक्यूमिन हे पिवळे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. आपल्या घरातील काढा हा पाण्याचा अर्क, आणि सिद्ध तेल हा तेलाचा. म्हणून मद्यार्कातील सत्त्व परीक्षेत उत्तीर्ण झाले, एवढ्यावरून घरचा काढा उत्तीर्ण झाला असे मानता येत नाही.

ह्यापुढील पायरी वहिनींच्या पुडीवर जी झाली ती. रशियन शास्त्रज्ञ त्स्वेत ह्याने विसाव्या शतकाच्या आरंभी खडूच्या बारीक भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीतून पानांचा रस सोडला, तेव्हा त्यातील निरनिराळे रंग निरनिराळ्या थरांत वेगळे झाले. फळ्यावर जन्मभर लिहिणाऱ्या आम्हांस ज्याचे नाव इतके ओळखीचे त्या खडूने ही किमया करावी, ह्याचे मला मोठे कौतुक वाटते. आज ह्याच तत्त्वावर काचेच्या किंवा पत्र्याच्या पट्टीवर अर्काचा ठिपका ठेवून पट्टीची कड द्रवात उभी करतात. द्रव वर चढतो, आणि अर्कातील घटक आपापल्या गतीने वर जाऊन वेगवेगळ्या जागी थांबतात. शेजारी माहीत असलेल्या औषधाचा ठिपका ठेवलेला असतो. पाल्याच्या चूर्णात स्टेरॉइडच्या ओळीत ठिपका दिसला, की संशय उत्पन्न होतो. मग अधिक सूक्ष्म यंत्रांनी त्याची खातरजमा करतात.

आता मुख्य परीक्षा. अमेरिकेतील विंटर, रिस्ली आणि नस ह्या संशोधकांनी १९६२ साली एक पद्धत प्रसिद्ध केली, ती आजही जगभर वापरली जाते. समुद्रातील तांबड्या शेवाळापासून कॅराजीनन नावाचे द्रव्य मिळते. आइस्क्रीमसारखे पदार्थ दाट करण्यास ते वापरतात. पोटात गेले असता ते जे करीत नाही ते कातडीखाली गेले असता करते, म्हणजे सूज आणते. पांढऱ्या उंदरांचे सहा-सहांचे गट करतात. एका गटास औषध म्हणून नुसता निरुपद्रवी द्रव देतात, दुसऱ्यास इंडोमेथासिनसारखे माहीत असलेले औषध, आणि इतर गटांस अर्काच्या कमी-अधिक मात्रा. नंतर प्रत्येकाच्या मागील पायाच्या तळव्यात कॅराजीननच्या द्रावणाचा एक दशांश मिलिलिटर टोचतात. पाय सुजतो, आणि तीन-चार तासांत सूज कळसास पोहोचते. ती मोजण्याची युक्ती आर्किमिडीजची आहे. पाय एका नळीतील द्रवात बुडवावयाचा आणि द्रव किती सरकला ते पाहावयाचे.

पुढचा हिशेब चौथीच्या मुलासही करता येईल. समजा, औषध न दिलेल्या गटाची सूज सरासरी ८० भाग भरली, अर्क दिलेल्या गटाची ४८ भाग आणि माहीत असलेल्या औषधाच्या गटाची ३२ भाग. तर अर्काने ८० पैकी ३२ भाग, म्हणजे शेकडा ४० सूज रोखली, आणि औषधाने शेकडा ६०. ह्यात महत्त्वाचा गट पहिला, ज्यास काहीच दिले नाही तो. बहुतेक सुजा काळाने आपोआपच उतरतात. तो गट नसेल, तर काळाने केलेल्या कामाचे श्रेय पाल्यास मिळावयाचे. शिवाय मोजणाऱ्यास कोणता उंदीर कोणत्या गटातला हे कळू न देणे उत्तम. कोणता पेपर कोणाचा हे ठाऊक असले, की परीक्षकाची लेखणी कशी चालते हे आम्हांस चांगले माहीत आहे.

ह्या मुक्या जनावरांस होणारी पीडा विसरून चालणार नाही. आपल्या देशात १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये आणि १९९८ च्या नियमांन्वये समितीच्या परवानगीवाचून असा प्रयोग करता येत नाही. आणि प्रयोग खरोखर आवश्यक आहे काय, व कमीत कमी प्राण्यांत तो कसा होईल, हे समितीस पाहावे लागते. माझ्या मते निष्काळजीपणे केलेला प्रयोग हा दुहेरी अपराध आहे. जनावरास दुःख झाले, आणि मनुष्यास ज्ञानही मिळाले नाही.

ह्या परीक्षेत आपली ओळखीची मंडळी कशी उतरली? हळदीतील करक्यूमिनचा सूज रोखण्याचा गुण लखनौ येथील केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतील श्रीमल आणि धवन ह्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केला. सालईच्या डिंकाच्या अर्काविषयी जम्मू येथील प्रयोगशाळेतील सिंग आणि अटल ह्यांनी १९८६ साली तसेच अनुकूल निष्कर्ष मांडले. निर्गुडीच्या ताज्या, जून पानांचा पाण्यातील अर्क उंदरांची सूज व वेदना कमी करतो, असे श्रीलंकेतील संशोधकांनी २००३ साली दाखविले. म्हणजे आमच्या घोड नदीच्या काठचे झुडूप पहिल्या परीक्षेत नापास झाले नाही, हे सांगताना मला आनंद होतो.

परंतु ही प्राथमिक परीक्षा आहे. उंदरास किलोमागे ४०० मिलिग्रॅम अर्क लागला असे समजा. साठ किलोच्या मनुष्यास सरळ गुणाकाराने २४ ग्रॅम लागेल. शास्त्रज्ञ तसा सरळ गुणाकार करीत नाहीत; शरीराच्या पृष्ठभागाच्या मानाने ते ही मात्रा सुमारे सहाने भागतात, तेव्हा ४ ग्रॅम येतात. दहा ग्रॅम वाळलेल्या पाल्यातून एक ग्रॅम अर्क निघतो असे धरले, तर ४ ग्रॅमसाठी ४० ग्रॅम पाला झाला, आणि तोही एका दिवसाचा! कोणत्या चिमूटभर चूर्णात तो मावणार? करक्यूमिनचीही अडचण अशीच आहे. काचेच्या नळीत ते पराक्रम गाजविते, पण पोटातून रक्तात फारच थोडे शोषले जाते. नळीतील यश म्हणजे उंदरातील यश नव्हे, आणि उंदरातील यश म्हणजे वहिनींच्या गुडघ्यातील यश नव्हे.

म्हणून शेवटची परीक्षा मनुष्यांत घ्यावी लागते, आणि ती आमच्या पुण्यात घेतली गेली आहे ह्याचा अभिमान वाटतो. अश्वगंधा, सालई गुग्गुळ, हळद आणि जस्ताचे एक संयुग ह्यांच्या मिश्रणाची संधिवाताच्या ४२ रुग्णांवर केलेली चाचणी कुलकर्णी, पटकी, जोग, गंडगे आणि पटवर्धन ह्या संशोधकांनी १९९१ साली प्रसिद्ध केली. काही रुग्णांस तीन महिने खरे औषध व काहींस हुबेहूब तशीच बनावट गोळी. मग पंधरा दिवस विश्रांती. आणि नंतर तीन महिने अदलाबदल. कोणास काय मिळाले हे रुग्णास ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यासही नाही. खऱ्या औषधाने वेदना व हालचालीची अडचण लक्षणीय प्रमाणात कमी झाली. क्ष-किरणांच्या चित्रात मात्र काही फरक दिसला नाही. ह्या दोन्ही गोष्टी त्यांनी सारख्याच स्पष्टपणे लिहून ठेवल्या.

पुढे पुण्यातील डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी आमवाताच्या १८२ रुग्णांवर सोळा आठवडे एका आयुर्वेदीय मिश्रणाची अशीच चाचणी घेऊन तिचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध केले. त्यात पुष्कळ रुग्णांस बनावट गोळीनेही बरे वाटले, आणि मुख्य कसोटीवर खऱ्या औषधाची आघाडी निर्णायक ठरली नाही. हेही त्यांनी छापले. पुन्हा २०१३ साली गुडघ्याच्या संधिवाताच्या ४४० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. तीत सुंठ, गुळवेल, आवळा आणि सालई ह्यांच्या अर्कांचे मिश्रण प्रचलित औषधांच्या तोडीचे ठरले, तथापि काही रुग्णांच्या रक्तात यकृताशी संबंधित एक मापन वाढलेले दिसले, आणि तेही नमूद झाले. श्रोतेहो, बाजारातील त्या पुडीवर एकही दोष छापलेला नव्हता. जे औषध आपले अपयशही सांगते त्याच्या यशावर विश्वास ठेवावा, असे मला आता वाटते.

मग आपण सामान्य माणसांनी काय करावे? कोणी सुजेवरचे औषध देऊ लागला तर तीन प्रश्न विचारावेत. ही नेमकी वनस्पती कोणती, ती कोणी ओळखली? पुडीत तीच आहे आणि दुसरे काही नाही, हे कोणी तपासले? आणि ही मात्रा माणसांवर कोणी, कशी पडताळून पाहिली? उत्तर मिळाले नाही तर पुडी परत करावी. तीन-चार दिवसांत चमत्कार झाला, तर आनंदाबरोबर थोडी भीतीही बाळगावी. वनस्पती सहसा इतकी घाई करीत नाहीत. आणि आपण घेत असलेले चूर्ण डॉक्टरांपासून कधीही लपवू नये.

वहिनी आता बऱ्या आहेत. हिवाळ्यात त्यांचे गुडघे दुखतात, तेव्हा त्या ओढ्यावरून स्वतः खुडून आणलेला पाला गरम करून बांधतात. मी त्यांस अडवीत नाही. त्या पाल्याने त्यांस आराम पडतो, आणि त्यात काय आहे हे त्यांच्या डोळ्यांपुढे असते. मात्र मध्यंतरी त्यांनी एक नवी पुडी माझ्यापुढे धरून पुन्हा विचारले, “भावजी, घेऊ का?” ह्या वेळी मी म्हणालो, “वहिनी, मला ठाऊक नाही. ज्यांस ठाऊक आहे त्यांच्याकडे आपण दोघे जाऊ.” हे उत्तर मी त्यांस पूर्वीच द्यावयास हवे होते.